साखर सोडायची, उपाशी राहायचं नाही

(वर्तकनगर, ठाणे येथे महिलांच्या आरोग्य-बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण मधुमेहावर नाही, साखरेवर बोलणार आहोत. मधुमेह झाला की डॉक्टर सांगतातच. त्याच्या आधी आपल्या हातात काय आहे, ते बघायचं आहे.

आधी हिशेब मांडू. वर्तकनगर, लोकमान्यनगर, शास्त्रीनगर इथून रोज सकाळी कितीतरी बाया पोखरण रोडच्या टॉवरांमध्ये धुणं-भांडी आणि स्वयंपाकाला जातात. घरून निघताना एक चहा, मग कामाच्या घरी एक, पुढच्या घरी आणखी एक. दुपारी तीनला घरी येईपर्यंत पोटात दुसरं काही नाही. दिवसाचे पाच कप आणि कपाला दोन चमचे धरा. दहा चमचे झाले. सपाट चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते, म्हणजे नुसत्या चहातून ४० ते ५० ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवी, ५ टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगलं. हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम.

हा हिशेब मी कुणाला दोष द्यायला मांडत नाही. त्या बाईची साखर ही चैन नाही, ते तिचं जेवण आहे. चहाने भूक मरते, म्हणून ती चहा पिते. तेव्हा तिला नुसतं ‘साखर सोड’ म्हणणं म्हणजे ‘जेवण सोड’ म्हणणं आहे. चार घरची कामं करताना तिला चक्कर येणारच. म्हणून आपला पहिला नियम असा: साखर काढायची तर तिच्या जागी अन्न आलं पाहिजे. पिशवीत चपाती-भाजी हवी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे हवेत.

आता शरीरात काय होतं ते पाहू. साखरेचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, पण ते भाकरी, भात, डाळीतूनही मिळतं. त्यासाठी वेगळी साखर लागत नाही. फ्रुक्टोजचं काम मुख्यतः यकृतावर पडतं. ते गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी करतं. ही चरबी यकृतात साठते, रक्तातही उतरते.

साखर बंद केली की पहिले काही दिवस जड जातात. गोडाची ओढ लागते, चिडचिड होते. चहाच कमी केला असेल तर डोकंही दुखतं, पण ते चहातल्या कॅफिनमुळे. हे दिवस निघून जातात. काही आठवड्यांत जीभ बदलते आणि पूर्वीचा चहा पाकासारखा लागू लागतो. तोंडातल्या जंतूंना साखर मिळाली नाही की दात किडवणारं आम्ल कमी तयार होतं. रक्तातली आणि यकृतातली चरबी उतरू लागते. वजन उतरेल, पण साखरेऐवजी फरसाण वाढलं तर नाही उतरणार. चेहरा उजळतो वगैरे जाहिरातीतल्या गोष्टींवर विसंबू नका.

‘मी तर काडी, मला काय होणार?’ असं काहीजणी म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं आहे की आपल्याकडची बाळं जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. बारीक दिसणं म्हणजे निर्धोक असणं नव्हे. आयसीएमआरच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता, आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर होते.

गूळ चालेल का, हे दरवेळी विचारलं जातं. गूळही बहुतांशी साखरच आहे आणि मधही याच हिशेबात धरायचा. गोडी आणणाऱ्या गोळ्या वजन कमी करण्यासाठी वापरू नका, असं आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. संक्रांतीचा तिळगूळ मात्र मी सोडायला सांगणार नाही. प्रश्न सणाचा नाही, रोजचा आहे.

गरोदर बाई आणि तान्ह्या मुलांची आई यांनी नीट ऐका. इंग्लंडमध्ये युद्धानंतरही साखर रेशनवर होती, ती १९५३ मध्ये खुली झाली आणि लोकांचं साखर खाणं जवळजवळ दुप्पट झालं. त्याआधी पोटात राहून रेशनच्या काळात वाढलेली मुलं आणि नंतरची मुलं यांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांत कमी साखर मिळालेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. बाळाच्या वाटीतल्या दुधात साखर घालताना हे आठवा.

एक इशारा. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात मोठा बदल करू नये. साखर एकदम उतरून घाम सुटला, हातपाय थरथरले, तर त्या वेळी साखर हेच औषध आहे.

आता घरातलं राजकारण. चहा किती गोड व्हायचा, हे घरात कोण ठरवतं? नवऱ्याला मधुमेह निघाला की त्याचा बिनसाखरेचा चहा वेगळा होतो, त्याची पथ्याची भाजी वेगळी होते. बाईला निघाला तर ती सगळ्यांसाठी केलेलंच खाते, उरलेला शिरा ‘वाया नको’ म्हणून संपवते. पथ्य हा तिचाही हक्क आहे. सरकारच्या कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या सर्वांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी करायची आहे. ‘मला वेळ नाही’ म्हणू नका, दोघी-तिघी मिळून महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा.

शेवटी, ही साखर येते कुठून तेही विसरू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायांची पाहणी राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये केली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खाडा झाला की पैसे कापले जातात, पाळीत विसावा नाही, फडावर संडास नाही. आपण कपातला एक चमचा कमी केल्याने त्यांचं दुःख कमी होणार नाही. त्यासाठी त्यांच्या मागण्यांबरोबर उभं राहावं लागेल. पण साखर तोडणारीचं आणि साखरेवर दिवस काढणारीचं दुखणं एकाच जागी आहे: दोघींनाही काम सोडून पोटभर जेवायला आणि घटकाभर टेकायला मिळत नाही.

म्हणून उद्यापासून दोन गोष्टी करू. कपातला अर्धा चमचा कमी करायचा, पंधरा दिवसांनी आणखी अर्धा. आणि कामाच्या घरी चहाबरोबर खायला दहा मिनिटं मागून घ्यायची. दुसरी गोष्ट अवघड आहे, हे मला माहीत आहे. ती एकटीने नाही, सगळ्यांनी मिळून मागू.