जिंकणाऱ्याचे काम



हरल्यावर कसे वागावे, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. रडू नकोस, पंचाला दोष देऊ नकोस, पुढच्या वेळी जिंकशील, असे म्हणतो. पण जिंकल्यावर कसे वागावे, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यातही सामना अगदी एकतर्फी झाला, एका बाजूचे ५० गुण आणि दुसऱ्या बाजूचे ५, तर जिंकणाऱ्याने काय करावे? आज आम्ही त्याविषयीच चार शब्द सांगणार आहोत.

ओळखीच्या खेळापासून सुरुवात करू. जत्रेतली कुस्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. हलगी वाजत असते. फडात पैलवान फिरत असतात. जाणती मंडळी काय करतात? जोड लावतात. दोघांची उंची बघतात, अंग बघतात, कोण कुठल्या तालमीचा ते विचारतात. दोघे सारखे वाटले तरच हाताला हात लावून देतात. लहान पोराला मोठ्या पैलवानाशी लावले तर लोकच ओरडतात, "जोड नाही, जोड नाही!" पडणाऱ्या पोराची दया येते, हे तर खरेच. पण अशा कुस्तीत जिंकणाऱ्यालाही मान नाही, हे लोकांना ठाऊक असते.

आता मॅटवरची कुस्ती बघा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे पैलवान राहुल आवारे यांनी २०१८ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले. ते खेळले त्या फ्रीस्टाइल कुस्तीत एक नियम आहे. एका पैलवानाचे गुण दुसऱ्यापेक्षा १० ने वाढले, की पंच कुस्ती थांबवतात. निकाल लागला, आता उगाच लोळवायचे नाही, असाच त्याचा अर्थ. सॉफ्टबॉल नावाचा चेंडूफळीसारखा एक परदेशी खेळ आहे. तो आता आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही खेळतात. त्यातही फरक फार वाढला तर सामना लवकर संपवतात.

कबड्डीत हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने केली आहे. समोरचे सातही गडी बाद झाले की लोण चढतो आणि २ गुण जास्तीचे मिळतात. पण पुढे काय होते? ते सातही गडी पुन्हा जिवंत होतात. पुन्हा सात विरुद्ध सात. हरत असलेल्या संघालाही पुरे गडी घेऊन उभे राहता येते. आपल्या मातीतल्या खेळाने ही गोष्ट नियमातच घालून ठेवली आहे.

पण सगळेच काही नियमात बसत नाही. तिथे माणसाची समज लागते. यासाठी दोन खऱ्या हकिकती सांगतो.

पहिली कल्याणची. जानेवारी २०१६ मध्ये तिथे शाळांचे क्रिकेट सामने चालू होते. एका बाजूला के. सी. गांधी शाळा, दुसऱ्या बाजूला आर्य गुरुकुल. आर्य गुरुकुलचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाला. त्यातली बरीच मुले वयाने लहान आणि नवखी होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. मग गांधी शाळेचा डाव सुरू झाला. पहिल्या दिवसाअखेर त्यांच्या ९५६ धावा झाल्या होत्या. म्हणजे ९२५ धावा पुढे! तरी दुसऱ्या दिवशी फलंदाजी पुढे चालू राहिली. प्रणव धनावडे या १५ वर्षांच्या मुलाने एकट्याने नाबाद १००९ धावा केल्या. शेवटी १४६५ धावांवर डाव सोडला. सामना १ डाव आणि १३८२ धावांनी जिंकला.

प्रणवचे वडील रिक्षा चालवत. गरिबाच्या पोराने जगात नाव काढले. त्याचा कोणाला आनंद होणार नाही? आम्हालाही झाला. इतका वेळ उभे राहून बॅट चालवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. मुलाच्या हाती बॅट दिली की तो मारणारच. डाव केव्हा सोडायचा, हे मोठ्यांनी ठरवायचे असते.

पण त्या मैदानावर आणखीही मुले होती. ती दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावत होती. त्यांचेही आईबाप होते. आणि एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. एवढे धावल्यावर ती मुले पुन्हा फलंदाजीला उतरली. पहिल्या डावात ३१ धावा केल्या होत्या, या वेळी ५२ केल्या. पळून गेली नाहीत. उलट २१ धावा जास्त केल्या. आमच्या मते १००९ धावांना टाळ्या वाजवाव्या, तशाच त्या ५२ धावांनाही वाजवाव्या.

दुसरी हकिकत पुण्याची, डिसेंबर १९४८ मधली. रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा सामना चालू होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. त्यांच्या नाबाद ४४३ धावा झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम तेव्हा जगात सर्वांत मोठा होता. त्याच्या बरोबरीला फक्त ९ धावा कमी होत्या. महाराष्ट्राच्या ८२६ धावा झाल्या होत्या. मधल्या सुट्टीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला. आपल्या संघाविरुद्ध जगाचा विक्रम झाला, ही नामुष्की त्यांना नको होती. त्यांनी सामना सोडून दिला. निंबाळकरांचा विक्रम हुकला तो हुकलाच.

या दोन हकिकती शेजारी ठेवून पाहा. कल्याणला जिंकणाऱ्यांनी डाव वेळेवर सोडला नाही. पुण्याला हरणाऱ्यांनी मैदान सोडले. दोन्हीकडे खेळ राहिला बाजूला आणि आकडा मोठा झाला.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे क्रिकेट शहरातले. आपल्या पालीला त्याचे काय?

आहे. आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कारखान्याकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे आजी-आजोबा असले तर मुले गावी राहतात, नाही तर हंगामी वसतिगृहात राहतात. ज्यांची कुठेच सोय नसते ती मुले आईबापांबरोबर फडावर जातात. पाच-सहा महिन्यांनी परत येतात. आता समजा, अशा एखाद्या वस्तीचा संघ आपल्या गावाशी कबड्डी खेळायला आला. त्यांचे चांगले गडी कोपीवर. जे उरले ते लहान. जे परत आले त्यांचा सराव तुटलेला. आपली मुले मात्र वर्षभर मैदानावर. निकाल काय लागणार? लोणावर लोण!

यात त्या मुलांचा आळस नाही, की त्यांना खेळ येत नाही असेही नाही. सामना मैदानात एकतर्फी होण्याआधीच घरात एकतर्फी झालेला असतो. अशा वेळी आपण कडेला उभे राहून शिट्ट्या मारल्या, "अजून चढवा, भोपळा फोडू देऊ नका" म्हणून ओरडलो, तर ती मुले काय शिकतील? आम्ही शाळेत जन्म काढला. जे पोर चारचौघांत हसे झाल्यामुळे मैदानावर यायचे बंद होते, ते हळूहळू शाळेतही यायचे बंद होते. मैदानावरचे पोर पुन्हा मिळते, शाळेतून गेलेले फार थोडे परत येते.

मग जिंकणाऱ्याने काय करावे? मुद्दाम हरावे का? मुळीच नाही. खोटे खेळणे हाही अपमानच. समोरच्या पोराला ते लगेच कळते. खरेच खेळावे, पण रीत बदलावी.

कबड्डीच्या संघात ७ गडी मैदानात आणि ५ राखीव असतात. आपला विजय नक्की झाला की त्या राखीव मुलांना आत घ्यावे. वर्षभर कडेला बसून पाणी देणाऱ्या पोरालाही चढाई करू द्यावी. आपला भरवशाचा गडी बाहेर बसवावा. खो-खोमध्ये नवख्यांना संधी द्यावी. क्रिकेट असेल तर डाव वेळेवर सोडावा. गावातल्या गावात सामना असेल तर दोन्ही संघांच्या मुलांची अदलाबदल करून पुन्हा जोड लावावी. यात आपले काही जात नाही. उलट आपली नवी मुले तयार होतात आणि समोरच्यांनाही खेळल्यासारखे वाटते.

मुलांना आणखी एक सांगावे. गुण मिळाला की आनंद करावा, पण समोरच्याला वाकुल्या दाखवू नयेत. समोरच्याने चांगली पकड केली तर आपणही टाळी वाजवावी.

पण मुले आपल्याकडे बघून शिकतात. म्हणून सगळ्यात मोठे काम कडेला उभ्या असलेल्या आपल्यासारख्या मोठ्या माणसांचे आहे. आपण तोंड सांभाळले तर मुले सांभाळतील.

आपल्याकडे पाहुणा निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. हरलेला संघही आपल्या गावातून निघताना "येतो" म्हणाला पाहिजे. तो पुढच्या वर्षी आला तरच आपल्या मुलांना खेळायला कोणी मिळेल. म्हणून सामना संपल्यावर त्यांना पाणी द्या, चहा द्या, आणि पुढच्या सामन्याची तारीख तिथेच ठरवा. ती तारीख ऊसतोडीला गेलेली मुले परत आल्यानंतरची असू द्या.