पाटी आणि पंगत



प्रवासात कोठे काय चांगले मिळते हे सांगणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. आज मी बोलणार आहे ते निपाणी ते बेळगाव या सुमारे पाऊणशे किलोमीटरच्या वाटेवरील जेवणाविषयी. तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वरवरून बेळगावकडे जाताना भूक लागली, तर थाटाच्या उपाहारगृहापेक्षा साधी खाणावळ शोधावी असे माझे मत आहे.

तेथे ताटात पडते ते असे : हातावर थापलेली ज्वारीची गरम भाकरी, शेंगांची आणि कारळाची चटणी, भरले वांगे, झुणका, अंबाडीची भाजी, कांदा आणि ताक. वाढणारा कानडी असला तर भरल्या वांग्याला तो ‘एण्णेगाई’ म्हणेल आणि अंबाडीच्या भाजीला ‘पुंडी पल्ल्या’. परंतु झुणका, शेंगा हे शब्द दोहीकडे चालतात. आपली खाणावळ कानडी पाटीवर ‘खानावळी’ होते, इतकाच फरक. गोकाकच्या ज्या करदंटावर मराठी मुले वाढली, त्याचे नाव कानडीत तळलेला डिंक अशा अर्थाचे आहे. बेळगावचा दाणेदार, तपकिरी कुंदा दोन्ही भाषांत कुंदाच. आपण ज्यांना मांडे म्हणतो, ते तिकडचे ‘मंडिगे’. तापलेल्या पालथ्या भांड्यावर भाजलेली, आत पिठीसाखर भरलेली ती पातळ घडी लग्नघरी दोन्ही भाषांच्या पंगतींत वाढली जाते.

हे सारे गोड खरे. पण खाणावळीचा इतिहास इतका गोड नाही. आपल्याकडील खाणावळींच्या पाट्यांवर जातींची नावे असत. ब्राह्मण खाणावळ, लिंगायत खाणावळ, मराठा खाणावळ अशा त्या पाट्या. आत कोणी बसावे आणि कोणी दाराबाहेर उभे राहावे, हे पाटी सांगत असे. माझ्यासारख्या कॅथलिक मराठी माणसाच्या नावाची पाटी या तिन्हींत नाही; पण त्याहून मोठा अपमान ज्यांच्या वाट्याला आला, त्या अस्पृश्य मानलेल्या बांधवांना घोटभर चहासुद्धा त्या दारांत मिळत नसे. निपाणीहून चाळीसएक किलोमीटरवर, कोल्हापुरात, गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा राजर्षी शाहू छत्रपती स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावयास लावीत. राजाने उपदेश केला नाही. त्याने कप उचलला.

आज ‘लिंगायत खाणावळ’ ही पाटी अनेक ठिकाणी दिसते. परंतु माझ्या प्रवासात आत शिरताना मला कोणी जात विचारली नाही. त्या पाटीचा अर्थ आता शाकाहारी जेवण, आणि ‘मराठा खाणावळ’ याचा अर्थ मटणाचा रस्सा, इतकाच प्रवाशाला कळतो. उपवासकाळातील शुक्रवारी मी पहिल्या पाटीखाली जेवतो, आणि ईस्टरनंतर दुसऱ्या. एके काळी माणसे अडविणारी पाटी चवीची खूण होऊन राहिली, हे लहान काम नव्हे.

मग भाषेच्या पाटीचे काय? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि वाद सुरू झाला. २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, आणि एस.टी.च्या फेऱ्या थांबल्या. त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी वडापच्या जीपने निपाणीहून निघालो होतो. पुढे रस्ता बंद असल्याचे कळले आणि चालकाने एका खाणावळीपाशी जीप उभी केली. आम्ही प्रवासी दोन्ही भाषांचे. तणावामुळे कोणी बोलत नव्हते. मालकाने दारातूनच विचारले, “ऊटा आतेन्री? जेवण झालं का, मास्तर?” मग भाकऱ्या थापल्या गेल्या, आणि आम्ही एकाच बाकावर बसून जेवलो. निघताना त्याने सर्वांकडून सारखेच पैसे मोजून घेतले. मला तेच आवडले. त्याने कोणावर उपकार केला नव्हता. खाणावळीचा नियम पाळला होता.

दुकानांच्या पाट्यांत महाराष्ट्राने २०२२ मध्ये देवनागरी मराठीला आणि कर्नाटकाने २०२४ मध्ये कन्नडला कायद्याने मानाची जागा दिली. भाषेचा अभिमान मला समजतो. मी मराठीच शिकवितो, आणि सीमाभागातील मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळावा, शाळा मिळावी, हा त्याचा हक्क आहे असे मानतो. हा हक्क न्यायालयात आणि सभागृहात मागावा. वाटसरूच्या ताटाशी मात्र त्याचा झगडा नसावा. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरील दोघा प्रवाशांची कथा आहे. बरोबर चालणाऱ्या अनोळखी सोबत्याला वाटेवरच्या संभाषणात त्यांनी ओळखले नाही. संध्याकाळी त्याने भाकर मोडली, तेव्हा ओळखले. जातीच्या पाटीला वळण लागले ते माणसे पंगतीला बसू लागली म्हणून. भाषेच्या पाटीलाही ते लागेल. तोवर या वाटेने जाल, तर कोणत्याही लिपीच्या पाटीखाली निःसंकोच बसा, आणि दुसरी भाकरी अवश्य मागून घ्या.