किती बोअरची गोळी?

(महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



‘पर्समध्ये ठेवायला कुठलं पिस्तूल बरं?’ हा प्रश्न आमच्या समुपदेशन केंद्रात अधूनमधून येतो. त्याला हसू नये. भीती खरी आहे, तर उत्तरही खरं द्यायला हवं.

बोअर निवडायचं स्वातंत्र्य आपल्याकडे तसं थोडंच. शस्त्र कायद्याखाली .३८, .४५५, ९ मिलिमीटर हे बोअर सामान्य नागरिकाला बंद. देशी बनावटीत हाती येतात ती मुख्यतः .३२ आणि .२२ ची हत्यारं. .३२ म्हणजे साधारण आठ मिलिमीटर. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि सोबत दागिन्यांसारखी मखमली पेटी! दिल्लीतल्या त्या मुलीची आठवण नावात, आणि किंमत अशी, की बसने जाणाऱ्या मुलीने ते दुकानातही बघू नये.

गोळी मोठी असली की सुरक्षितता मोठी, असंही नाही. अमेरिकेत १९८६ साली मायामीच्या चकमकीत एफबीआयची दोन माणसं गेली. दोष ९ मिलिमीटरच्या गोळीवर आला. मग १० मिलिमीटर झालं, मग .४० झालं, आणि तीस वर्षांच्या आत गाडी पुन्हा ९ वरच आली. मोठ्या गोळीचा धक्का मोठा, नेम चुकतो, दुसरी गोळी उशिरा सुटते. हत्यार हलकं तर धक्का आणखी जोराचा. .२२ ला धक्का नाममात्र, पण तिची ताकदही कमी आणि काडतूस न पेटण्याची शक्यता जास्त. शेवटी प्रश्न सरावाचा येतो. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, मग सराव करायचा कशावर?

आणि गोळी झाडायची कुणावर? बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नवांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी आकडेच दरवर्षी सांगतात. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन दिलेला. अशा वेळी पर्स खुंटीला असते.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. बलात्काराच्या किंवा अॅसिड फेकण्याच्या हेतूने हल्ला झाला, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १००, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३८. पण हा हक्क धोका असेतोवरच. तो पळाल्यावर मागून झाडलेली गोळी बचावात बसत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या गोष्टीत बंदूक असते तेव्हा ती बहुधा नवऱ्याच्या कपाटात असते. परवाना त्याच्या नावे, पोरांदेखत टेबलावर ठेवायची, तोंडाने काही बोलायचं नाही. अशा बाईला मी बोअर सांगत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. धमकी कधी दिली, कुणादेखत दिली, हे तारीखवार लिहून द्यायचं, आणि पोच घ्यायची. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण आदेशाचा अर्ज त्याच दिवशी.

अर्जाचे कोरे नमुने आणलेत. पुढे या, एकेक घ्या, आपण इथंच भरून बघू.