विषाद आणि प्रसाद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गीतेचा पहिला अध्याय म्हणजे 'अर्जुनविषादयोग'. पठणात हे नाव आपण नेहमी घेतो, पण घरात 'विषाद' असे कोणी म्हणत नाही. घरात आपण म्हणतो, "करमत नाही", "कशात जीव लागत नाही", फार झाले तर "मन खचले".

या सर्वांत 'खचले' मला नेमके वाटते. 'सद्' म्हणजे बसणे, खाली जाणे. या धातूला 'वि' उपसर्ग लागून 'विषाद' झाला. 'विषण्ण' हेही त्याचेच रूप. पावसाळ्यात भिंत खचते, तसे मन खाली बसते, तो विषाद. पहिल्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुनही धनुष्य टाकून रथात खाली बसतो.

माझी धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणानंतर अशीच बसली. बाळ रडे आणि ही भिंतीकडे पाहत राही. कोणी त्याला आळस म्हटले, कोणी सोंग. खोटे कशाला सांगू, "आम्ही नाही का मुले वाढवली?" असे मीही बोलले. एके दुपारी ती म्हणाली, "वहिनी, मला उठायचंय हो, पण उठवत नाही." मला माझीच लाज वाटली. मी तिच्याशेजारी बसले आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. बाळंतिणीला होणारा हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे मला तेव्हा कळले. काही महिन्यांनी ती बाळाला खेळवताना हसली.

आता गंमत पाहा. 'प्रसाद' आणि 'प्रसन्न' हे शब्दही 'सद्' धातूचेच. तेथेही खाली बसणे आहे, पण ते गाळाचे. गाळ बसला की पाणी निवळते. निवळीचे बी उगाळून गढूळ पाणी स्वच्छ करतात, त्याला संस्कृतात 'प्रसादन'च म्हणतात. अठराव्या अध्यायात मोह गेल्याचे सांगताना अर्जुनाच्या तोंडी 'प्रसाद' हा शब्द कृपा या अर्थाने येतो. विषादापासून तेथवर यायला त्याला अठरा अध्याय लागले, आणि तेही सारथी जवळ असताना!

तेव्हा भगिनींनो, आपल्या घरात कोणी अशी बसली, तर "ऊठ" म्हणण्याआधी घटकाभर तिच्याशेजारी बसा, तिचे ऐका, आणि डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. मी हे उशिरा शिकले.