गिरणीतला बर्फ
श्रोतेहो, इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या मालिका म्हणजे घोळदार झगे, बग्ग्या आणि मेजवान्या, असा आपला समज असतो. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या कादंबरीवर बीबीसीने २००४ मध्ये केलेली ‘नॉर्थ अँड साउथ’ ही चार भागांची मालिका तो समज खोटा ठरवते. दक्षिणेतल्या खेड्यातली मार्गारेट प्रथमच कापड गिरणीत शिरते, तेव्हा आत बर्फ भुरभुरतोय असे वाटते. ते असतात कापसाचे तंतू! तेच बेसी या कामगार मुलीच्या छातीत बसतात आणि तिचा जीव घेतात. पुढे संप होतो, फसतो. मालक आणि कामगार दोघेही पोळतात. १९८२ चा संप सोसलेल्या गिरणगावाला हे परके वाटू नये. प्रेमकथाही आहेच. जरूर पाहा, शेजारी कुणी जुने गिरणी कामगार असतील, तर त्यांनाही बोलवा.