बास गिटारची बॅटरी तीन आठवड्यांत का संपते?

आज विषय आहे सेकंडहँड बास गिटार. तीही ॲक्टिव्ह, म्हणजे जिच्या पोटात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते ती.

मी बोलतोय देवगाव फाट्यावरून, सेलू तालुका, जिल्हा परभणी. इथं चहा मिळतो, पंक्चर निघतं, मोबाईलचा डिस्प्ले बदलून मिळतो. गिटार दुरुस्त करणारा मात्र मिळत नाही. म्हणून हे जे सांगतोय ते एक मल्टिमीटर आणि एक सोल्डर एवढ्यावर होणारं आहे.

झालं काय, की मी मोबाईलवर जाहिरात बघून ९ हजाराला एक बास घेतली. विकणारा म्हणाला, "सर्किट जरा वीक आहे दादा, पण चालतं." घरी आणली, नवी बॅटरी टाकली, आवाज एक नंबर. तिसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिसला आवाज फाटायला लागला, मग बारीक झाला, मग बंदच. पुन्हा नवी बॅटरी, पुन्हा एक नंबर. पुन्हा तीन आठवड्यांनी तेच. शहरातल्या एका मेकॅनिकला फोनवर विचारलं. तो म्हणाला, प्रीअँप गेलाय, नवा टाकावा लागेल, ५ हजार धरून चला. पुढं लग्नाच्या ऑर्केस्ट्राची सुपारी घेतलेली होती. पैसे पाठवायच्या बेतातच होतो मी.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. प्रीअँप खराब असेल तर नवी बॅटरी टाकल्यावर तो तीन आठवडे बरा कसा होतो?

आता आत काय असतं ते बघू. साध्या, म्हणजे पॅसिव्ह बासमध्ये पिकअपचा सिग्नल व्हॉल्यूम-टोनमधून सरळ बाहेर जातो. ॲक्टिव्हमध्ये मध्ये एक छोटं सर्किट असतं. ते सिग्नलला ताकद देतं, बास-ट्रेबल वाढवू देतं. १९७६ साली आलेल्या म्युझिक मॅनच्या स्टिंगरे बासनं ही पद्धत घराघरात नेली म्हणा ना. या सर्किटला वीज लागते, पण बासवर चालू-बंद करायचं बटण शोधलं तर बहुतेक सापडत नाही. कारण बटण म्हणजे तुमची वायर.

कसं ते ऐका. बासचं सॉकेट, ज्याला साउंडवाले पी-३८ म्हणतात, ते ॲक्टिव्ह बासमध्ये स्टिरिओ असतं. त्यात तीन पत्त्या असतात. एक टोकाला लागते, एक मधे, एक ग्राउंडची. बॅटरीची काळी वायर मधल्या पत्तीला जोडलेली असते. आपली साधी मोनो पिन आत गेली की तिचा लांब दांडा मधली पत्ती आणि ग्राउंड एकत्र जोडतो आणि सर्किट चालू होतं. पिन काढली की बंद. म्हणूनच वाजवून झाल्यावर वायर तशीच खोचून ठेवली तर बॅटरी रात्रभर जळत राहते. आणि म्हणूनच स्टिरिओ पिनची वायर लावली तर चांगली बासही मुकी होते.

मी वायर रोज काढत होतो. मग?

फाट्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी बास आयुष्यात पहिल्यांदा उघडली असेल, पण मीटर हातात चांगलं बसलेलं. बॅटरीची एक टिकली क्लिपला लावलेली, दुसरी मोकळी, आणि मधे मीटर, मिलिअँपवर. (इथं जपून. मिलिअँपवर असलेलं मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना सरळ लावायचं नाही, मीटरचा फ्यूज उडतो.) वायर खोचलेली नव्हती. काटा शून्यावर पाहिजे होता. दिसले ०.९ मिलिअँप.

"भाच्या, हे तर सारखं चालूच आहे की," मामा म्हणाले.

हिशोब करा. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँप-तास असतात. ०.९ नं भागा, साडेपाचशे तास. म्हणजे २३ दिवस. आले ना तीन आठवडे?

सॉकेट खोललं तर ते मोनो निघालं. आधीच्या कुणीतरी तुटलेलं सॉकेट बदलताना मिळालं ते बसवलं आणि काळी वायर सरळ ग्राउंडला चिकटवून टाकली. स्टिरिओ सॉकेट पन्नास रुपयांच्या आत आलं, तीन जोड दिले, वायर काढल्यावर मीटरवर शून्य. प्रीअँपला हात लावला नाही.

तुमची बास वेगळ्या पद्धतीनं आजारी असेल, तर आधी बॅटरीचे व्होल्ट बघा, पण पिन खोचून बघा. रिकामी असताना ९ दाखवणारी थकलेली बॅटरी लोड आल्यावर खाली बसते. पिन हलवल्यावर आवाज येतो-जातो? मधली पत्ती ढिली आहे, आत वाकवा. ॲक्टिव्ह-पॅसिव्हचं बटण असेल तर फार सोपं. पॅसिव्हला स्वच्छ वाजते आणि ॲक्टिव्हला मुकी, म्हणजे पिकअप आणि सॉकेट ठीक, दोष बॅटरीच्या वाटेत किंवा सर्किटात. दोन्हीकडं मुकी, तर प्रीअँपला शिव्या देऊ नका, वायरिंग बघा. कोणता पिकअप जिवंत आहे हे पेचकसानं त्यावर हलकं टकटक केलं की स्पीकरमधून कळतं. नॉब फिरवताना खरखर आली तर ती धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. आणि क्लिपवर बॅटरी उलटी टेकवून बघू नका, एका क्षणातही काही सर्किटं खरोखर जातात.

एक राहिलं. तारेला हात आणि ओठ माइकला लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो बासचा दोष नाही. मांडवातलं अर्थिंग नाही, किंवा ॲम्पची तिसरी पिन कुणीतरी तोडलीय. तिथंच थांबा, ऑर्केस्ट्रावाले कितीही घाई करू द्या. ९ व्होल्ट कुणाला मारत नाही, पण ॲम्पला २३० येतात.

लग्नात वाजवली हो बास. आता चार महिने झाले, बॅटरी तीच आहे. तुमच्या बासचं काही असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण आधी मीटरवर काय दिसलं ते सांगा.