मोडलेला आत्मविश्वास पुन्हा उभा राहतो का?

आज मी अभनपूरहून बोलतेय. ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रायपूरहून धमतरीकडे निघालं की वाटेत लागतं, आणि इथून एक फाटा राजिमला जातो. पूर्वी इथे छोट्या लाइनीची गाडी यायची. लोक तिला हसायचे, आणि तिच्यातच बसून जायचे.

मी या भागात पंचायतीच्या बायकांची प्रशिक्षणं घेते. छत्तीसगडमध्ये पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे सरपंचताई पुष्कळ भेटतात. आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पतीही भेटतात! खुर्चीवर ताई, बोलणार भाऊ. हे तुम्ही महाराष्ट्रातही पाहिलं असेल.

काही वर्षांपूर्वी अशाच एका ताईंना मी पूर्ण दिवस समजावलं. तुम्ही करू शकता, तुमच्यात शक्ती आहे, लोकांनी तुम्हाला निवडून दिलंय. त्या मान डोलवत होत्या. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. ताई उभ्या राहिल्या, दोन शब्द बोलल्या, मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि त्या खाली बसल्या. नंतर मला म्हणाल्या, "मोला डर लागथे, दीदी." मला भीती वाटते. पुढचे तीन महिने त्या एकाही सभेला आल्या नाहीत.

चूक माझी होती. मी त्यांना जोश दिला होता, आणि जोश म्हणजे आत्मविश्वास नव्हे. जोश उसना मिळतो, संध्याकाळपर्यंत उतरतो. आत्मविश्वासाला मागे काहीतरी जमा असावं लागतं. बँकेत पैसे नसताना चेक फाडला तर काय होतं, तेच त्या सभेत झालं.

अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. "हे काम मला जमेल" हा भरवसा माणसात कुठून येतो, हा त्याचा प्रश्न. त्याने चार वाटा सांगितल्या. स्वतः काम करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्या कुणाला ते जमलेलं पाहणं, कुणी धीर देणं, आणि आपल्या शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यात जास्त वजन कशाचं? पहिल्याचं. शब्दांनी दिलेला धीर टिकायला कच्चा. आणि मी दिवसभर नेमका तोच वाटत बसले होते.

पण आज मला त्याहून अवघड प्रश्न घ्यायचा आहे. ज्याच्याकडे आत्मविश्वास कधी नव्हताच, त्याला थोडं थोडं करून तो मिळवता येतो. ज्याच्याकडे भरपूर होता आणि चारचौघांत मोडला, त्याने काय करायचं? धंदा बुडालेला, निवडणूक हरलेला, सगळ्यांसमोर माघार घेतलेला माणूस. अशी माणसं आपल्या घरात असतात, कधी आपणच असतो.

याचं उत्तर मला आमच्या रायपूरमध्येच सापडलं. बूढा तालाबाजवळ सप्रे शाळा आहे. माझं माहेर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं मराठी घर, त्यामुळे सप्रे हे नाव लहानपणापासून कानावर. पण ते कोण होते, हे मला चाळिशीपर्यंत धड माहीत नव्हतं.

माधवराव सप्रे. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातलं पथरिया गाव. मातृभाषा मराठी, शाळेचं शिक्षण बिलासपूर-रायपूरला, पुढे बी.ए. त्या काळी या भागात बी.ए. झालेल्याला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी ती वाट धरली नाही. पेंड्राच्या राजकुमाराला शिकवायचं काम घेतलं, आणि जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे. तीन मराठी माणसं, छत्तीसगडात, हिंदीत मासिक काढतात! तीन वर्षांत पैशांअभावी ते बंद पडलं. त्याने ते खचले नाहीत. नागपूरला गेले, आणि १९०७ मध्ये टिळकांच्या 'केसरी'च्या वळणाचं 'हिंदी केसरी' काढलं.

इथपर्यंत गोष्ट आपल्या नेहमीच्या प्रेरणादायी भाषणासारखी आहे. पुढे ती तशी राहत नाही.

१९०८ साल. जूनमध्ये टिळकांना अटक झाली, जुलैत सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्र्यांना अटक झाली. घरच्यांचा, विशेषतः थोरल्या भावाचा, फार मोठा आग्रह झाला, आणि सप्र्यांनी माफीनामा लिहून दिला. ते सुटले.

जरा थांबून विचार करा. ज्यांना गुरुस्थानी मानलं ते मंडालेच्या तुरुंगात, आणि आपण माफी मागून घरी. गावात लोक काय म्हणत असतील ते सोडा. स्वतःला काय वाटत असेल?

ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. वर्ध्याला रामदासी परंपरेतल्या श्रीधर विष्णू परांजपे यांच्याकडे गेले. काही काळ मधुकरी मागून राहिले. कालपर्यंतचा संपादक दारोदार भिक्षा मागतोय. कुणी याला प्रायश्चित्त म्हणेल, कुणी पळून जाणं. मला विचाराल तर त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं की जमा संपलीय, आता शून्यापासून भरायचं.

त्यांनी भरलं कसं, ते बघा. लगेच नवं वर्तमानपत्र काढून गर्जना केली नाही. समर्थांचा दासबोध हिंदीत आणायला घेतला. अनुवाद हे आपलं नाव मागे ठेवून करायचं काम. आज इतक्या ओव्या, उद्या इतक्या. रोज स्वतःला दिलेला एक लहान शब्द, आणि रोज तो पाळला जातोय. मग रायपूरला मुलींसाठी शाळा, जानकीदेवी महिला पाठशाळा.

आणि मग आला 'गीतारहस्य'. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेला ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत छापला गेला. त्याचा हिंदी अनुवाद कुणी केला? माधवराव सप्र्यांनी. जो वाकला नाही त्याने तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, जो वाकला होता त्याने हिंदी वाचकांपर्यंत नेलं. त्यातली कर्मयोगाची पानं उतरवताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा मी कितीदा तरी विचार केलाय.

आता नेतृत्वाचा मुद्दा. १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' सुरू झालं. ते उभं करण्यात सप्र्यांचा मोठा वाटा होता. संपादकाच्या खुर्चीवर मात्र बसले तरुण माखनलाल चतुर्वेदी. कच्च्या आत्मविश्वासाच्या पुढाऱ्याला खुर्ची स्वतःलाच लागते, कारण ती गेली की त्याच्याकडे काही उरत नाही. तुमच्या ऑफिसात, बचत गटात, सोसायटीत असा एकजण असेल. सगळ्या सह्या त्याच्याच, माईक त्याच्याच हातात. आपण त्याला फार आत्मविश्वास असलेला माणूस समजतो. मला तो घाबरलेला वाटतो.

१९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सप्र्यांना मिळालं. १९२६ मध्ये रायपूरला ते गेले. माफीनामा पुसला गेला का? नाही. त्यांच्या चरित्रात तो आजही आहे. तो पुसण्याच्या नादात ते बसले नाहीत, एवढंच.

आता तुमच्यासाठी काम. आजपासून पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज रात्री उद्याचं एकच काम लिहा, इतकं लहान की न करायला सबब सापडू नये. एक फोन, हिशेबाचं एक पान, न समजलेला एक प्रश्न वरिष्ठांना विचारणं. दुसऱ्या रात्री समोर लिहा, केलं की नाही. नाही केलं तर कारण लिहू नका, फक्त 'नाही' लिहा. स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत, आणि मोठं कामही लिहायचं नाही. पहिल्या चार दिवसांत तुम्हाला हे पोरकट वाटेल. मलाही वाटलं होतं.

त्या सरपंचताईंकडे मी नंतर पुन्हा गेले. या वेळी भाषण दिलं नाही. म्हटलं, पुढच्या सभेत तुम्ही फक्त खर्चाची पहिली ओळ वाचायची, बाकी सचिव वाचतील. आधी त्यांच्या ओसरीवर, सुनेसमोर, तीच ओळ आठ-दहा वेळा वाचली. सभेत आवाज कापत होता, पण ओळ पूर्ण झाली. त्याच्या पुढच्या सभेत तीन ओळी. पाचव्या की सहाव्या सभेत त्या वाचता वाचता मध्येच थांबल्या. मला वाटलं, झालं, पुन्हा घाबरल्या. त्या सचिवांकडे वळून म्हणाल्या, "हा नळाच्या पाइपाचा आकडा मागच्या वेळी वेगळा होता. बिल कुठे आहे?"

भाऊ शेजारीच बसले होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि ताईंनी हातानेच त्यांना थांबवलं.